एम४००-५०ए पत्र्याचं चुंबकीय मॉडेल: एपस्टीन फ्रेमपासून स्टेटरच्या रिंग टेस्टपर्यंत

एम४००-५०ए हे नाव वाचता आलं की अर्धी माहिती हातात येते. ४०० म्हणजे १.५ टेस्ला आणि ५० हर्ट्झला किलोमागे जास्तीत जास्त ४.०० वॅट लॉस. ५० म्हणजे जाडी ०.५० मिलिमीटर. शेवटचा ‘ए’ सांगतो की पत्रा नॉन-ओरिएंटेड आहे, म्हणजे दाण्यांना ठरावीक दिशा नसलेला, आपल्याकडच्या भाषेत सीआरएनजीओ, आणि कारखान्यातून पूर्ण ॲनीलिंग होऊन आलेला आहे. उरलेली अर्धी माहिती नावात नसते. १.० टेस्लाला लॉस किती, ४०० हर्ट्झला किती, पंचिंगनंतर किती वाढला, आणि स्टेटरच्या दातात १.८ टेस्ला नेलं तर मॅग्नेटायझिंग करंट किती लागेल? मोटरचं सिम्युलेशन याच दुसऱ्या अर्ध्यावर उभं असतं. सर्टिफिकेटवरचा एक आकडा सॉफ्टवेअरला देऊन ‘मटेरियल भरलं’ असं म्हणणं म्हणजे हा अर्धा भाग अंदाजावर सोडणं. हाच ग्रेड धरून, मोजणीपासून तयार स्टेटरवर पडताळणी करेपर्यंतचं काम इथे क्रमाने दिलं आहे.

आधी पत्र्याबद्दल जरुरीपुरतं

शुद्ध लोखंडाचं संपृक्त पोलरायझेशन (लोखंड स्वतः देऊ शकेल ती कमाल फ्लक्स डेन्सिटी) सुमारे २.१६ टेस्ला असतं आणि विद्युत रोधकता सुमारे ०.१० मायक्रोओहम-मीटर. त्यात ३ टक्के सिलिकॉन घातलं की रोधकता साडेचार पटींच्या आसपास चढते, त्यामुळे एडी करंट घटतात. संपृक्तता मात्र सुमारे २.०३ टेस्लावर उतरते. ही देवाणघेवाण टाळता येत नाही, म्हणून कमी लॉसचा पत्रा घेतला की त्याच करंटला बी (फ्लक्स डेन्सिटी, टेस्लामध्ये) थोडं कमी मिळतं. युरोपीय मानकात हे सरळ दिसतं. ५००० अँपिअर/मीटरला एम८००-५०एकडून किमान १.७० टेस्ला मागितलं आहे, एम४००-५०एकडून १.६३ आणि एम२७०-३५एकडून १.६०. कमी वेगाच्या, तांब्याचा लॉस जास्त असलेल्या मोटरला महागडा पत्रा घालून कधीकधी एकूण कार्यक्षमता घटते, त्यामागचं कारण हेच.

घनताही सिलिकॉनबरोबर बदलते. एम४००-५०एची ७७०० किलो प्रति घनमीटर धरतात, एम२७०-३५एची ७६५०, तर एम८००-५०एची ७८००. पुढच्या हिशेबात पट्टीचं क्षेत्रफळ वजनावरून काढायचं आहे. तिथे सगळ्या पोलादांना मिळून ७८५० टाकलं, तर एम४००साठी बी जवळपास २ टक्क्यांनी चुकतं. बी वाकावर, म्हणजे कर्व्ह संपृक्ततेकडे झुकू लागते तिथे असेल, तेव्हा २ टक्के बी म्हणजे एचमध्ये (अँपिअर/मीटरमधल्या चुंबकीय क्षेत्रात) बरीच मोठी चूक.

पहिली पायरी: पट्ट्या कापणं आणि एपस्टीन मोजणी

एपस्टीन फ्रेम म्हणजे चार बाजूंचा चौकोन. प्रत्येक बाजूवर कॉइल असते आणि पट्ट्या कोपऱ्यांवर एकमेकींवर आलटून पालटून बसतात. २५ सेंटिमीटरच्या नेहमीच्या फ्रेमला प्रायमरी ७०० वेढे, सेकंडरी ७०० वेढे. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि २८० ते ३२० मिलिमीटर लांब. पट्ट्यांची संख्या चारच्या पटीत, बारापेक्षा कमी नको. सीआरएनजीओसाठी निम्म्या पट्ट्या रोलिंगच्या दिशेने कापा आणि निम्म्या आडव्या. एका दिशेच्या पट्ट्या समोरासमोरच्या दोन बाजूंत जातात, दुसऱ्या दिशेच्या उरलेल्या दोन बाजूंत.

कापताना कात्रीची धार बघा. बोथट कात्रीने कडेला बर (धातूची टोकेरी कड) येतो, पट्ट्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, कोपऱ्यात हवेची फट राहते आणि कमी बीला पर्मिएबिलिटी (बी भागिले एच) खोटी खाली दिसते. प्रत्येक कोपऱ्यावर १ न्यूटनच्या आसपास, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाचा दाब पुरतो. जास्त दाबल्याने पट्ट्या वाकतात, आणि वाकलेली पट्टी म्हणजे ताणाखालची पट्टी.

आता हिशेब. ०.५० मिमी जाडीच्या, ३०० मिमी लांबीच्या १६ पट्ट्या घेतल्या असं धरू. एकूण वजन ५५४.४ ग्रॅम भरायला हवं. मायक्रोमीटरने जाडी मोजून क्षेत्रफळ काढू नका, कारण त्यात कोटिंगही मोजलं जातं. वजनावरून काढा: वजन भागिले (४ गुणिले लांबी गुणिले घनता). ०.५५४४ ÷ (४ × ०.३ × ७७००) = ६० चौरस मिलिमीटर. फ्लक्सच्या वाटेची ठरवून दिलेली लांबी ०.९४ मीटर आहे, म्हणून लॉस ज्या वजनावर वाटायचा ते सक्रिय वजन ०.५५४४ × ०.९४ ÷ १.२ = ०.४३४ किलो. वॅट प्रति किलो काढताना पूर्ण ५५४ ग्रॅमने भागलं, तर पत्रा २० टक्क्यांहून जास्त चांगला दिसतो. अहवालात लॉस संशयास्पदरीत्या कमी आला, तर सर्वांत आधी हा भागाकार तपासा.

१.५ टेस्लासाठी सेकंडरीचं सरासरी व्होल्टेज: ४ × ५० × ७०० × ६०×१०⁻⁶ × १.५ = १२.६ व्होल्ट. सरासरी म्हणजे रेक्टिफाय करून घेतलेली सरासरी, आरएमएस नव्हे. वेव्ह शुद्ध साइन असेल तर आरएमएस १४.० व्होल्ट येईल. या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे फॉर्म फॅक्टर. तो १.१११च्या एक टक्क्याच्या आत राहायला हवा. १.४ टेस्लाच्या वर करंट टोकदार होतो आणि साध्या व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेजची वेव्ह चपटी होते. अशा वेळी फीडबॅक असलेला पॉवर ॲम्प्लिफायर लागतो. तो नसेल तर १.३ टेस्लापर्यंतचे आकडे ठेवा आणि वरचे टाकून द्या. बिघडलेल्या वेव्हवर मोजलेला लॉस पुढे कितीही गणित केलं तरी दुरुस्त होत नाही.

लॉससाठी वॅटमीटरला करंट प्रायमरीचा द्या आणि व्होल्टेज सेकंडरीचं. मग प्रायमरीच्या तांब्याचा लॉस मोजणीत येतच नाही. सेकंडरीला जोडलेल्या मीटरांनी खाल्लेली शक्ती तेवढी वजा करायची. दर मालिकेआधी डीमॅग्नेटाइज करा: एसी वर नेऊन हळूहळू शून्यावर आणा. त्यानंतर बिंदू कमीकडून जास्तीकडे घ्या.

बिंदू कोणते घ्यायचे ते मोटर ठरवते. ५० हर्ट्झच्या पंपाच्या मोटरला इन्व्हर्टर नसेल, तर ५०, १००, २०० हर्ट्झ पुरतात. इन्व्हर्टरवरच्या किंवा चार-सहा पोलांच्या वेगवान मोटरला ४०० आणि १००० हर्ट्झही लागतात. बी ०.२पासून १.६ टेस्लापर्यंत ०.१च्या टप्प्याने घ्या आणि वाकाजवळ, म्हणजे १.२ ते १.६ मध्ये, ०.०५च्या टप्प्याने. २५ सेंटिमीटर फ्रेमची आयईसी मोजपद्धत व्यापारी फ्रिक्वेन्सीसाठी आहे. ४०० हर्ट्झच्या वर कमी वेढ्यांची वेगळी फ्रेम वापरतात, कारण ७०० वेढ्यांवर तिथे व्होल्टेज फार चढतं.

दुसरी पायरी: बी-एच कर्व्ह सॉफ्टवेअरला देण्याजोगी करणं

एपस्टीन फ्रेमच्या मधोमध म्युच्युअल इंडक्टर बसवलेला असतो. कॉइल आणि पट्टी यांच्यामधल्या हवेतला फ्लक्स तो वजा करतो. म्हणून मोजणीत येतं ते पोलरायझेशन, बी नव्हे. बी मिळवायला त्यात म्यू-शून्य (हवेची पर्मिएबिलिटी) गुणिले एच मिळवा. २५०० अँपिअर/मीटरला हा फरक ०.००३ टेस्ला, म्हणजे नगण्य. १०,००० ला ०.०१३ होतो आणि एक लाखाला ०.१२६. कर्व्हच्या खालच्या भागात विसरलं तर चालतं, वरच्या भागात नाही. त्याचबरोबर डेटाशीटमधला एच पीक आहे की आरएमएस हेही वाचा.

सर्वांत जास्त चुका टोकाच्या पुढच्या भागात होतात. एम४००-५०एचे मानकातले किमान आकडे असे: २५०० ला १.५३ टेस्ला, ५००० ला १.६३, १०,००० ला १.७३. कर्व्ह इथेच संपवली आणि सॉफ्टवेअरने शेवटच्या दोन बिंदूंमधली रेघ तशीच पुढे ओढली, तर उतार ०.१० ÷ ५००० येतो. हा हवेच्या पर्मिएबिलिटीच्या १६ पट आहे. ५०,००० अँपिअर/मीटरला सॉफ्टवेअर २.५३ टेस्ला दाखवेल. प्रत्यक्षात पोलरायझेशनची कमाल मर्यादाच २.०५ टेस्लाच्या आसपास असते, तिथे हवेचा ०.०६ मिळवून जेमतेम २.१ व्हायचं. अरुंद दात, पूल आणि बरगड्या असलेल्या मोटरमध्ये (रोटरच्या आत चुंबक बसवलेली मोटर हे नेहमीचं उदाहरण) सगळा लीकेज फ्लक्स याच भागावर ठरतो. टॉर्क जास्त दाखवणारी बरीच सिम्युलेशनं इथे फसलेली असतात.

फ्रॉलिख समीकरण, म्हणजे एच भागिले बी हे एचशी सरळ रेषेत बदलतं असं धरणं, टोकाला वापरतात. पण याच दोन बिंदूंवर ते बसवलं तर संपृक्तता १.८४ टेस्ला येते. हे उलट बाजूला चुकतं. म्हणून संपृक्तता कर्व्हवरून काढू नका, रासायनिक घटकांवरून ठरवा. २.१६मधून दर टक्का सिलिकॉनमागे सुमारे ०.०५ टेस्ला वजा करा, २.२ टक्क्यांना २.०५ येतं. हे वरचं टोक पक्कं धरून, मोजलेल्या शेवटच्या बिंदूपासून त्याच्याकडे झुकत जाणारी कर्व्ह बसवा. शेवटी उतार म्यू-शून्याइतका झाला पाहिजे, त्याहून कमी कधीच नाही.

दुसरी अडचण गुळगुळीतपणाची. सॉल्व्हर ज्या न्यूटन-रॅफसन पद्धतीने टप्प्याटप्प्याने उत्तराकडे सरकतो, ती कर्व्हचा उतार वापरते. साधी क्युबिक स्प्लाइन वाकाजवळ डोलते. तिथे उतार क्षणभर उलटा झाला की सॉल्व्हर दोन उत्तरांमध्ये झोके घेत बसतो. चढती कर्व्ह चढतीच ठेवणारी स्प्लाइन वापरा, आणि बिंदू भरल्यावर एच-बीसोबत उताराचा आलेखही काढून डोळ्यांनी बघा. आरंभाजवळ उतार आधी वाढतो आणि मग कमी होतो. हे खरंच आहे, कारण सुरुवातीची पर्मिएबिलिटी कमी असते. काही सॉफ्टवेअरना ते पचत नाही. मोटर १ टेस्लाच्या वर चालणार असेल, तर शून्यापासून सर्वोच्च पर्मिएबिलिटीच्या बिंदूपर्यंत सरळ रेघ चालते. करंट ट्रान्सफॉर्मरसाठी ही सूट घेऊ नका. तिथे खालच्या बीची चूक थेट रेशिओ एररमध्ये उतरते.

स्टॅकिंग फॅक्टरही (स्टॅकच्या लांबीत खरं लोखंड किती) इथेच ठरवा. ०.३५ ते ०.५० मिमी पत्र्याला तो ०.९५ ते ०.९७ असतो. तो एकदाच लावायचा: एकतर स्टॅकची लांबी कमी करा, नाहीतर मटेरियलमध्ये भरा. एफईएमएमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लॅमिनेशनची जाडी आणि भरणीचं प्रमाण यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. तिथे ०.९७ भरून वर लांबीही कमी केली, तर तीन टक्के लोखंड दोनदा वजा होतं.

तिसरी पायरी: लॉस वेगळे करणं

एकूण लॉसचे तीन भाग धरतात. हिस्टेरेसिसचा भाग, म्हणजे चुंबकत्व उलटसुलट करताना दर सायकलला जाणारी ऊर्जा, फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो. एडी करंटचा क्लासिकल भाग फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो. एक्सेस लॉस, जो चुंबकीय डोमेनच्या भिंती हलताना त्यांच्याभोवती उठणाऱ्या स्थानिक करंटमुळे होतो, तो फ्रिक्वेन्सीच्या दीडाव्या घाताने वाढतो. या तिसऱ्या भागाची पक्की मांडणी इटालियन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जिओ बेर्तोत्ती यांनी १९८८ मध्ये केली.

सरसकट तीन अज्ञात गुणांक एकदम कर्व्ह-फिटिंगला देऊ नका. फिटिंग सुंदर दिसतं, पण एडीचा गुणांक कधी शून्य तर कधी ऋण येतो, कारण वर्ग आणि दीडावा घात एकमेकांची जागा घेतात. क्लासिकल भाग मोजायचा नसतोच, तो रोधकता आणि जाडीवरून थेट निघतो:

पाय² × जाडी² × बी² × फ्रिक्वेन्सी² ÷ (६ × रोधकता × घनता)

रोधकता ०.४२ मायक्रोओहम-मीटर, जाडी ०.५ मिमी, घनता ७७०० धरली, तर १.५ टेस्ला, ५० हर्ट्झला ०.७२ वॅट प्रति किलो येतो. १.० टेस्लाला ०.३१८. ही जागा पक्की झाली की उरतात फक्त दोन अज्ञात.

आता १.० टेस्लाचे चार बिंदू घेऊ. हे आकडे रीत दाखवण्यासाठी रचलेले आहेत, पण या जातीच्या पत्र्याला शोभतील असे: ५० हर्ट्झला १.५६५ वॅट प्रति किलो, १०० ला ३.९७, २०० ला ११.०७, ४०० ला ३३.९५. प्रत्येकाला फ्रिक्वेन्सीने भागा. हे दर सायकलचे ज्यूल झाले: ०.०३१३, ०.०३९७, ०.०५५४, ०.०८४९. यातून क्लासिकल भागाचे दर सायकलचे ज्यूल वजा करा: ०.००६४, ०.०१२७, ०.०२५४, ०.०५०९. उरतात ०.०२४९, ०.०२७०, ०.०३००, ०.०३४०. हे चार आकडे फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळासमोर मांडा, म्हणजे ७.०७, १०, १४.१४ आणि २० समोर. रेघ सरळ येते. उतार ०.०००७, आणि रेघ मागे शून्यापर्यंत नेली की ०.०२०. ०.०२० ज्यूल प्रति किलो म्हणजे एका सायकलचा हिस्टेरेसिस, आणि ०.०००७ हा एक्सेसचा गुणांक.

हा आलेख कागदावर काढून बघण्यासारखा आहे, कारण मोजणीतली चूक तो लगेच उघडी पाडतो. बिंदू सरळ रेषेत नसतील, तर रोधकता चुकली आहे किंवा जाडी. रेघ वरच्या टोकाला खाली वळली तर स्किन इफेक्ट, म्हणजे फ्लक्स पत्र्याच्या पृष्ठभागाकडे सरकणं. कमी फ्रिक्वेन्सीचाच एक बिंदू उडालेला असेल, तर बहुतेक वेळा कारण डीमॅग्नेटायझेशनचं असतं किंवा वॅटमीटरच्या कमी पॉवर फॅक्टरवरच्या चुकीचं.

हीच रीत ०.५, ०.८, १.२, १.५ टेस्लाला करा. हिस्टेरेसिसचा बीशी संबंध मग कळतो. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये १.६ हा घातांक दिला. तो त्यांच्या काळच्या लोखंडाचा आणि मध्यम बीचा होता, तरी आजही अनेक स्प्रेडशीटमध्ये तसाच बसलेला दिसतो. आपल्या पत्र्याचा १.५ टेस्लाचा एकूण लॉस ३.६० मोजला असं धरा. क्लासिकल ०.७२ आणि एक्सेस ०.४५ वजा करून हिस्टेरेसिस २.४३ उरतो, म्हणजे दर सायकलला ०.०४८६ ज्यूल. ०.०२० वरून ०.०४८६ वर जायला घातांक २.२ लागतो. १.६ ठेवला असता, तर एकूण ३.०८ आला असता: १४ टक्के कमी, आणि तोही नेमका दातांमध्ये, जिथे बी सर्वांत जास्त असतं. एकच घातांक बीच्या सगळ्या पल्ल्याला पुरत नाही. बी वाढेल तसा घातांक वाढू द्या, किंवा सरळ तक्ता भरून मधले आकडे इंटरपोलेशनने घ्या. तक्ता दिसायला साधा वाटतो, पण मोजलेल्या मर्यादेच्या आत तोच सर्वांत विश्वासाचा.

फ्रिक्वेन्सी वाढली की सूत्र कुठे तुटतं

वरचं क्लासिकल सूत्र पत्र्याच्या जाडीभर फ्लक्स सारखा पसरलेला आहे असं धरतं. सापेक्ष पर्मिएबिलिटी ५००० धरून स्किन डेप्थ काढा: ५० हर्ट्झला ०.६५ मिमी, ४०० ला ०.२३ आणि १००० ला ०.१५. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात ४०० हर्ट्झलाच स्किन डेप्थ अर्ध्या जाडीच्या खाली उतरली. तरी घाबरायचं कारण नाही. रेषीय मटेरियल धरून दुरुस्ती काढली, तर क्लासिकल लॉस ४०० हर्ट्झला फक्त ३ टक्क्यांनी कमी होतो. १००० हर्ट्झला तो १६ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ४०० पर्यंत सूत्र चालवा, हजाराला चालवू नका.

पत्रा संपृक्ततेजवळ असेल तर मात्र दुरुस्ती उलट दिशेला जाते आणि लॉस सूत्रापेक्षा जास्त येतो. तिथे जाडीच्या दिशेने एकमितीय डिफ्यूजन समीकरण सोडवणं किंवा मोजलेला तक्ता, हे दोनच मार्ग. खरा उपाय पातळ पत्रा हाच आहे: ०.३५ मिमीला क्लासिकल लॉस जाडीच्या वर्गाने, म्हणजे ४९ टक्क्यांवर येतो.

चौथी पायरी: कापलेल्या कडेचा हिशेब

एपस्टीनची पट्टी ३० मिलिमीटर रुंद, मोटरचा दात पाच मिलिमीटर. पंच लागतो तिथे कडेचे दाणे दबतात, आतमध्ये ताण उरतो आणि पर्मिएबिलिटी पडते. समजा हा परिणाम प्रत्येक कडेपासून २ मिमी आत पोहोचला. ३० मिमीच्या पट्टीत तो १३ टक्के रुंदी व्यापतो, पाच मिमीच्या दातात ८० टक्के. म्हणून जोखडाला, म्हणजे योकला (दातांमागच्या सलग कड्याला), एपस्टीनचे आकडे लागू पडतात आणि दाताला पडत नाहीत.

मोजायची रीत सोपी आहे. त्याच पत्र्यातून ३०, १५, १० आणि ७.५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी लावून प्रत्येक वेळी एकूण ३० मिमी करा आणि त्याच फ्रेममध्ये मोजा. ७.५ मिमीच्या चार पट्ट्यांमध्ये आठ कडा येतात, एका सलग पट्टीत दोनच. लॉस कडांच्या संख्येसमोर मांडला की एका कडेची किंमत निघते. जो डाय उत्पादनात वापरणार, शक्य तो त्याच्याच धारेने आणि क्लिअरन्सने कापा. लेझरने नमुना आणि पंचने उत्पादन, किंवा उलट, अशी सरमिसळ नको. लेझरचं नुकसान उष्णतेच्या ताणाचं असतं आणि त्याचा पसारा वेगळा.

सिम्युलेशनमध्ये दाताच्या दोन्ही कडांना एकेक पट्टा स्वतंत्र मटेरियल म्हणून आखा. त्याला वाकाजवळ बी कमी असलेली कर्व्ह आणि जास्त हिस्टेरेसिस द्या. क्लासिकल एडीचा भाग बदलू नका, कारण कापण्याने रोधकता बदलत नाही.

पंचिंगनंतर स्ट्रेस-रिलीफ ॲनीलिंग होणार असेल, तर ही सगळी पायरी जवळजवळ वगळता येते. साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस आणि कोरडं, ऑक्सिडेशन न करणारं वातावरण. कोटिंग ते तापमान सोसणारं आहे का, हे आधी बघा. नुसत्या सेंद्रिय कोटिंगचा भट्टीत कोळसा होतो आणि पत्रे एकमेकांना चिकटतात.

बर वेगळी गोष्ट आहे. तो पत्र्यांमधलं इन्सुलेशन फोडतो आणि दोन-चार पत्र्यांचा मिळून एक जाड पत्रा होतो. जाडी दुप्पट झाली की त्या जागी एडी लॉस चौपट. बर ०.०३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ लागला की डाय धारेला काढावी. हे मॉडेलमध्ये बसवत बसण्यापेक्षा टूलरूममध्ये सोडवलेलं बरं.

घट्ट बसवलेल्या हाउसिंगचा दाबही विसरू नका. पत्र्याच्या प्रतलात फ्लक्सच्या दिशेने दाब आला की लॉस वाढतो आणि पर्मिएबिलिटी पडते. थोडी ओढ (टेन्शन) मात्र उपकारकच असते. श्रिंक-फिट ॲल्युमिनियम बॉडीत स्टेटर बसवल्यावर नो-लोड लॉस वाढला, तर पत्रा बदलला असं समजण्याआधी हाउसिंग काढून मोजा.

हिस्टेरेसिसचं पूर्ण मॉडेल कधी हवं

बहुतेक मोटर डिझाइनला नको. बी-एच कर्व्हवर फील्ड सोडवायचं आणि लॉस नंतर काढायचा, हे पुरतं. रेमानन्स (करंट काढल्यावर उरलेलं चुंबकत्व), इनरश करंट, करंट ट्रान्सफॉर्मर, किंवा हिस्टेरेसिस मोटर असेल तर लूप स्वतः लागतो. प्रायझाक मॉडेल (१९३५) लहान लूप नीट बंद करतं, पण मोजणी भरपूर मागतं. जाइल्स-अ‍ॅथर्टन मॉडेलला पाचच पॅरामीटर लागतात, म्हणून ते जास्त वापरात आहे.

त्याचे सुरुवातीचे आकडे असे घ्या. संपृक्त मॅग्नेटायझेशन: २.०५ टेस्ला भागिले म्यू-शून्य, म्हणजे सुमारे १६.३ लाख अँपिअर/मीटर. पिनिंगचा ‘के’: मऊ चुंबकीय पत्र्याला तो जवळपास कोअर्सिव्हिटीइतकाच (बी शून्यावर आणायला लागणाऱ्या उलट एचइतकाच) असतो, तेव्हा ५० अँपिअर/मीटरने सुरुवात करा. आकार ठरवणारा ‘ए’ साधारण त्याच घरात, ६० धरा. ‘सी’ ०.१ ते ०.३. डोमेनमधली जोडणी दाखवणारा ‘अल्फा’ मात्र जपून: तो ३ × ‘ए’ ÷ संपृक्त मॅग्नेटायझेशन याच्या खाली राहायला हवा. आपल्या आकड्यांत ही मर्यादा ०.०००११ आहे. ती ओलांडली की अ‍ॅनहिस्टेरेटिक (हिस्टेरेसिस वगळलेली) कर्व्ह स्वतःवरच उलटते आणि लूप उभे कडे धरतो.

एच दिशा बदलतो त्या क्षणी हे मॉडेल ऋण पर्मिएबिलिटी दाखवतं, जे भौतिकदृष्ट्या अशक्य आहे. तिथे अपरिवर्तनीय भागाचा उतार शून्य करणारी अट कोडमध्ये घाला. फिटिंग एकाच मोठ्या लूपवर करू नका. ०.५, १.० आणि १.५ टेस्ला असे तीन लूप एकत्र द्या, नाहीतर १.५ ला हुबेहूब बसलेलं मॉडेल ०.५ ला जाडजूड लूप काढतं.

पाचवी पायरी: मोटरमध्ये लॉस काढणं

मोटरमध्ये बी साइन नसतं. टाइम-स्टेपिंग सिम्युलेशनमधून मेशमधल्या प्रत्येक घटकाच्या (एलिमेंटच्या) बीचे एक्स आणि वाय भाग एका पूर्ण आवर्तनाचे घ्या. क्लासिकल लॉससाठी डीबी/डीटीच्या वर्गाची सरासरी काढा आणि तिला जाडी² ÷ (१२ × रोधकता × घनता) ने गुणा. एक्सेससाठी डीबी/डीटीच्या दीडाव्या घाताची सरासरी, गुणिले एक्सेसचा गुणांक, भागिले ८.७६. साइन वेव्ह टाकून बघा, दोन्ही सूत्रं तिसऱ्या पायरीतलेच आकडे परत देतात. देत नसतील तर कोडमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नका.

हार्मोनिकांचे लॉस सुटे काढून बेरीज करण्याची सवय सोडा. क्लासिकल भागाला ती चालते, हिस्टेरेसिसला नाही. हिस्टेरेसिस हा पीकवर आणि मधल्या लहान लूपवर ठरतो.

योकमध्ये दाताच्या मुळाशी बी फिरतं, नुसतं मागेपुढे होत नाही. मध्यम बीला फिरत्या फ्लक्सचा हिस्टेरेसिस त्याच पीकच्या सरळ फ्लक्सच्या दुपटीपर्यंत जातो, आणि संपृक्ततेजवळ उलट झपाट्याने घटतो. एक्स आणि वाय दिशांचा लॉस वेगळा काढून बेरीज केली की मध्यम बीला बरंच जवळचं उत्तर मिळतं.

सीआरजीओसाठी, म्हणजे दाण्यांना एकच दिशा दिलेल्या पत्र्यासाठी, यातलं काहीच जसंच्या तसं उचलू नका. हा पत्रा, जो आपल्याकडे नाशिकजवळही बनतो, नॉर्मन गॉस यांच्या १९३४च्या पेटंटमधून आलेल्या दाणेरचनेचा आहे. त्याची सर्वांत वाईट दिशा रोलिंगला काटकोनात नसते, ५५ अंशांवर असते. रोलिंग आणि आडवी अशा दोनच कर्व्ह देऊन मधल्या दिशा लंबवर्तुळाने भरणारं मॉडेल नेमकं तिथेच सर्वांत जास्त चुकतं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या टी-जॉइंटमध्ये फ्लक्स त्याच कोनांतून वळतो.

सहावी पायरी: वाइंडिंगआधी रिंग टेस्ट

मॉडेल खरं की खोटं, हे तयार स्टेटरवर अर्ध्या तासात कळतं. वाइंडिंग भरण्याआधी योकभोवती, आतून बाहेरून, जाड वायरचे ६० वेढे समान अंतरावर घाला. व्होल्टेज मोजायला त्याच जागी पातळ वायरचे आणखी ६० वेढे. योकची उंची २० मिमी, स्टॅक १०० मिमी, स्टॅकिंग फॅक्टर ०.९७ असेल तर क्षेत्रफळ १९.४ चौरस सेंटिमीटर. एका वेढ्याला १.० टेस्ला, ५० हर्ट्झला ०.४३ व्होल्ट आरएमएस, म्हणजे ६० वेढ्यांवर २५.८ व्होल्ट. योकचा सरासरी व्यास १५० मिमी असेल तर लोखंड ७.०४ किलो. दातांचं वजन धरू नका, या चाचणीत त्यांच्यातून फ्लक्स जवळजवळ जात नाही.

वॅटमीटरला करंट जाड वायरचा आणि व्होल्टेज पातळ वायरचं द्या. तिसऱ्या पायरीतल्या मॉडेलप्रमाणे १.५६५ × ७.०४, म्हणजे ११ वॅट यायला हवेत. १२ आले तर पत्रा आणि स्टॅकिंग दोन्ही ठीक. १५ आले तर व्होल्टेज काढून योकवर हात फिरवा. एखादा पट्टा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथे बर किंवा वेल्डने पत्रे शॉर्ट झाले आहेत. सगळीकडे सारखीच ऊब असेल तर पंचिंगचा ताण किंवा पत्राच वेगळ्या ग्रेडचा. व्होल्टेज ३८.८ वर नेलं की १.५ टेस्ला होतं. तिथे करंट झपाट्याने चढतो, तेव्हा व्हेरिॲक पुरेशा क्षमतेचं ठेवा आणि सरासरी व्होल्टेज व आरएमएस यांचं गुणोत्तर पुन्हा १.१११शी पडताळा.

ही चाचणी फक्त योक तपासते. दातांचा आणि रोटरच्या पृष्ठभागाचा हिशेब पूर्ण मोटरच्या नो-लोड टेस्टमध्येच मिळतो: व्होल्टेज ११० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत उतरवत न्या, इनपुटमधून तांब्याचा लॉस वजा करा, आणि उरलेलं व्होल्टेजच्या वर्गासमोर मांडा. खालच्या, ६० टक्क्यांच्या आतल्या बिंदूंची रेघ शून्य व्होल्टेजला जिथे छेदते ते घर्षण आणि वारा. त्यावरचं सगळं लोखंडाचं. रिंग टेस्ट मॉडेलशी जुळली आणि नो-लोड लॉस जुळला नाही, तर चौथ्या पायरीतल्या दाताच्या कडांकडे परत जा. योकची कर्व्ह बदलून आकडा जुळवू नका.